सहल मित्रांची, वेळापत्रक समुद्राचे

मित्रमैत्रिणींबरोबर समुद्रकाठच्या एखाद्या शहरात चार दिवस जाऊन यायचे असा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: रजा कोणाला कधी मिळेल? रजांचा मेळ बसला की तारखा पक्क्या होतात, तारखांवरून तिकिटे निघतात, मग राहण्याची सोय होते, आणि समुद्राचा विचार थेट तेथे पोहोचून खोलीचा पडदा बाजूला सारल्यावर सुरू होतो. माझ्या मते हा क्रम नेमका उलटा आहे. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप करायचा त्या समुद्राचे स्वतःचे वेळापत्रक असते. ते वर्षाचे असते, पंधरवड्याचे असते आणि रोजचेही असते. ते आधी समोर मांडावे आणि मग त्यात आपल्या रजा बसवाव्यात, असे मी आमच्या कंपूला पटवत आलो आहे, आणि या वेळच्या बेतात ते बऱ्याच अंशी मान्यही झाले आहे.

यात सोयीचाही एक भाग आहे, आणि खरे सांगायचे तर मला तोच अधिक मोलाचा वाटतो. सहा-सात जणांच्या गटात पहाटे उठायचे की नाही यावरून जेवढी कुरबुर होते तेवढी पैशांवरूनही होत नाही. ‘उद्या सहाला निघायचे’ असे मी म्हटले तर तो माझा हट्ट ठरतो. ‘उद्या ओहोटी साडेसहाला आहे’ असे म्हटले की तीच गोष्ट निमूटपणे मान्य होते. समुद्राशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो हे सगळ्यांनाच कळते, आणि ज्याच्याशी हुज्जत घालता येत नाही असा कोणीतरी गटात असणे फार सोयीचे असते.

सुरुवात महिन्यापासून करावी लागते. उन्हाळा म्हणजे समुद्र हे समीकरण आपल्या डोक्यात इतके पक्के असते की त्याची शहानिशा करण्याचे कोणाच्या मनात येत नाही. पाणी जमिनीपेक्षा सावकाश तापते आणि सावकाश निवते. त्यामुळे उत्तर गोलार्धातील समशीतोष्ण प्रदेशांत सर्वांत मोठा दिवस जूनमध्ये येत असला तरी समुद्र सर्वांत उबदार असतो तो ऑगस्टअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत. जूनमध्ये किनाऱ्यावर ऊन मनसोक्त असते, पण पाण्यात घोट्यापर्यंत पाय घातला की शहारा येतो. थंड प्रवाहांच्या किनाऱ्यांची तर तऱ्हाच निराळी. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ऐन जुलै-ऑगस्टमध्ये धुके दाटून येते, कारण त्या किनाऱ्याजवळचे पाणी गार असते आणि त्यावरून येणारी दमट हवा थंड होऊन धुके धरते. तेथील उत्तम दिवस सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतात. पेरूची राजधानी लिमा हम्बोल्ट प्रवाहामुळे हिवाळ्याचे कित्येक महिने करड्या ढगांखाली असते आणि तरीही तेथे पाऊस जवळजवळ पडत नाही. केपटाऊनमध्ये तर एकाच शहराला दोन निरनिराळे समुद्र मिळाल्यासारखी स्थिती आहे: अटलांटिककडच्या बाजूला ऐन उन्हाळ्यातही पाण्यात पाच मिनिटे उभे राहवत नाही आणि डोंगर ओलांडून फॉल्स उपसागराकडे गेले की तेच पाणी सुसह्य होते. अशा शहरात ‘किनाऱ्याजवळ खोली घेतली’ एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या किनाऱ्याजवळ, हे विचारावे लागते.

भारतापुरते बोलायचे तर दोन्ही किनाऱ्यांची पावसाची गणिते वेगळी आहेत. पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर मोसमी पाऊस असतो आणि ऑक्टोबरनंतर आकाश निवळते. नेमक्या त्याच सुमारास ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचा मुख्य पाऊस सुरू होतो आणि डिसेंबरपर्यंत चालतो. बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळे पावसाळ्याच्या आधी आणि नंतर अशा दोन खेपांत येतात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरची खेप जास्त त्रासदायक असते. अटलांटिकमध्ये वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असा मानला जातो आणि त्याचा जोर सप्टेंबरच्या मध्याच्या सुमारास सर्वाधिक असतो. या महिन्यांत जाऊच नये असे माझे म्हणणे नाही. गर्दी कमी असते आणि समुद्र देखणा असतो. मात्र अशा वेळी परतावा मिळणारी तिकिटेच घ्यावीत आणि गटातील प्रत्येकाला ती अट आधीच समजावून सांगावी.

महिना ठरला की पंधरवडा ठरवायचा. खरी गंमत येथून सुरू होते आणि बहुतेक बेतांत हीच पायरी गाळली जाते. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते तोवर चंद्र आपल्या कक्षेत थोडा पुढे सरकलेला असतो, त्याला पुन्हा गाठायला पृथ्वीला सुमारे ५० मिनिटे अधिक लागतात. म्हणून भरती रोज साधारण तेवढीच उशिरा येते. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, आणि एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. पौर्णिमा-अमावस्येनंतर एक-दोन दिवसांत उधाणाची भरती येते, म्हणजे पाणी सर्वांत वर चढते आणि ओहोटीला सर्वांत दूर जाते. अष्टमीच्या पुढेमागे भांगाची भरती असते, तेव्हा हा चढउतार सर्वांत कमी असतो. एवढे शाळेत सगळेच शिकतात. पण बेत आखणाऱ्याच्या उपयोगाची गोष्ट त्याच्या पुढची आहे: कोणत्याही एका ठिकाणी उधाणाची भरती घड्याळाच्या साधारण ठरावीक वेळीच येते.

मुंबईजवळच्या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास भरती भर दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारास येते, म्हणजे ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या आगेमागे पडते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकणपट्टीतला जुना हिशेब यावरच उभा आहे: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. हिशेब ढोबळ आहे, पण अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरला तर उत्तर चुकत नाही. दुसऱ्या किनाऱ्यावर पाऊणपटीचा नियम तोच राहतो, कारण तो चंद्राचा आहे. त्यात मिळवायची वेळ मात्र त्या त्या बंदराची वेगळी असते, कारण किनाऱ्याचा आकार, तळाची खोली आणि खाड्यांची रचना यांमुळे पाणी तेथे पोहोचायला कमीअधिक वेळ लागतो. तेव्हा ज्या शहरात जायचे तेथे पौर्णिमेच्या संध्याकाळी पाणी आत असते की बाहेर, एवढे एकदा कळले की त्या शहराचा पुढचा सगळा महिना बोटांवर मोजता येतो. ज्यांना बोटांवर भरवसा नाही त्यांच्यासाठी छापील तक्ते असतातच. भारतातील बंदरांचे तक्ते भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी प्रसिद्ध करतो आणि इतर देशांतही त्या त्या सरकारी खात्यांकडून ते मिळतात.

आमच्यातील एक मैत्रीण हिशेबनीस आहे आणि तिला कोणतीही गोष्ट रकान्यांत बसली की समाधान वाटते. तिने आमच्या चार दिवसांचा एक कागद तयार केला आहे. डावीकडे वार, मग संध्याकाळच्या ओहोटीची वेळ, मग त्या वेळच्या पाण्याची उंची आणि शेवटी सूर्यास्त. ओहोटी पहिल्या दिवशी ४:४० ला, दुसऱ्या दिवशी ५:२५ ला, तिसऱ्या दिवशी ६:१० ला आणि चौथ्या दिवशी ७ ला. सूर्यास्त चारही दिवस साडेसहाच्या आसपास. तिसऱ्या ओळीखाली तिने पेन्सिलीने रेघ ओढली आहे, कारण त्या दिवशी सूर्य मावळण्याच्या वेळी वाळू सर्वांत रुंद असेल आणि खडकांच्या टोकापर्यंत चालत जाता येईल. त्या कागदाआधी तिसरी संध्याकाळ संग्रहालयासाठी ठेवावी की बाजारासाठी यावर बरीच चर्चा झाली होती. कागद आल्यावर ती आपोआप थांबली, आणि संग्रहालय पहिल्या दुपारी गेले.

तक्ता वाचताना उंचीच्या रकान्याकडे लोक दुर्लक्ष करतात, ते करू नये. वेळ सांगते पाणी कधी येईल. उंची सांगते ते कोठवर येईल. कॅनडातील फंडीच्या उपसागरात भरती आणि ओहोटीच्या पाण्याच्या उंचीतला फरक १६ मीटरांपर्यंत जातो, फ्रान्समधील माँ सँ मिशेलजवळ १४ मीटरांच्या आसपास, मुंबईत मोठ्या उधाणाला पाच मीटरांच्या घरात. उलट भूमध्य समुद्राच्या बहुतेक किनाऱ्यांवर तो इतका थोडा असतो की बार्सिलोनाला जाणाऱ्याने भरतीचा कागद घरी ठेवला तरी काही बिघडत नाही. मेक्सिकोच्या आखाताच्या काही भागांत तर दिवसातून एकच भरती येते. व्हेनिस मात्र भूमध्याच्या नियमाला अपवाद आहे: एड्रियाटिक समुद्राच्या चिंचोळ्या टोकाशी असल्याने दक्षिणेचा वारा आणि भरती एकत्र आली की तेथे रस्त्यांवर पाणी चढते. १२ नोव्हेंबर २०१९ रोजी ते मोजणीच्या ठरावीक पातळीच्या वर १८७ सेंटिमीटरपर्यंत चढले होते. त्याच्या पुढल्या वर्षी, ऑक्टोबर २०२० मध्ये, ते अडवणारे मोझे दरवाजे पहिल्यांदा वापरले गेले. तरीही हिवाळ्याच्या तोंडावर तेथे जाणाऱ्याने अंदाज पाहिल्याशिवाय तळमजल्यावरची खोली घेऊ नये.

आणखी एक गणित गटात एकाला तरी पाठ असावे. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्या तासात दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक असा त्याचा ढोबळ हिशेब असतो. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मे पाणी येते. चढ चार मीटरांचा असेल तर त्या वेळी तासाला एक मीटर पाणी वाढते, आणि शंभर मीटर चालल्यावर एक मीटर उतरणाऱ्या सपाट किनाऱ्यावर ते एका तासात शंभर मीटर आत सरकते. शिवाय ते समोरून ओळीने येत नाही. सपाट वाळूत उथळ पन्हळी असतात, पाणी आधी त्या पन्हळींतून गुपचूप मागे शिरते, आणि समोरच्या लाटेकडे बघत उभा असलेला माणूस वळून पाहतो तेव्हा त्याच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये पोटरीपर्यंतचा ओहोळ वाहत असतो. ज्या वाटा दिवसातून दोनदा पाण्याखाली जातात, जसे इंग्लंडमधील लिंडिसफार्न बेटाचा रस्ता किंवा मुंबईतील हाजी अली दर्ग्याची पायवाट, तेथे ‘अजून वेळ आहे’ म्हणणाऱ्या मित्राचे मुळीच ऐकू नये. प्रत्येक गटात असा एक मित्र असतो.

आता शहराकडे वळू. समुद्रकाठचे शहर म्हटले की किनारा हाकेच्या अंतरावर असेल असे आपण गृहीत धरतो, पण ही शहरे बहुधा बंदर म्हणून वाढली आहेत आणि बंदराची गरज पुळणीच्या गरजेच्या उलट असते. बंदराला खोल व शांत पाणी लागते, पुळणीला लाटा आणि उथळ तळ. त्यामुळे जुने शहर, गोदी आणि रेल्वेचे शेवटचे स्थानक एकीकडे, आणि ज्या वाळूसाठी आपण आलो ती कोठेतरी दहा-वीस किलोमीटरांवर, हे चित्र फार सर्रास दिसते. हॅम्बुर्ग हे युरोपातील मोठ्या बंदरांपैकी एक, पण ते एल्ब नदीवर आहे आणि खुला समुद्र तेथून शंभरेक किलोमीटर दूर आहे. सुरत तापीवर वसले आहे. बार्सिलोनाच्या ज्या किनाऱ्यावर आज एवढी गर्दी असते तो बराचसा १९९२ च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने घडवलेला आहे. त्याआधी तेथे कारखाने आणि लोहमार्ग होते. तेव्हा नकाशा उघडून पाहावे, आणि नकाशातच किनारा कोणत्या दिशेला तोंड करून आहे तेही पाहावे. पूर्वेकडे तोंड असलेल्या शहरात सूर्यास्ताची वाट बघत वाळूवर बसलेले लोक मी पाहिले आहेत. कन्याकुमारीसारखे एखादे टोक दोन्हीची सोय करते, पण अशी ठिकाणे मोजकीच.

मोठी प्रवासी जहाजे थांबतात अशा बंदरांबाबत एक पायरी वाढते. एकेका जहाजातून दोन-तीन हजार माणसे सकाळी जुन्या शहरात उतरतात आणि संध्याकाळी परततात. डुब्रोव्हनिकसारख्या तटबंदीच्या शहराला म्हणूनच जहाजांच्या संख्येवर मर्यादा आणावी लागली, आणि व्हेनिसने ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना शहरामधल्या कालव्यातून जायला बंदी केली. जहाजे कोणत्या दिवशी येणार याची यादी बंदरे बहुधा आगाऊ जाहीर करतात. त्या दिवशी जुने शहर पहाटे किंवा संध्याकाळी पाहावे आणि दुपार दुसरीकडे काढावी.

पोहण्याच्या बाबतीत मी गटातील प्रत्येकाला एकेकटे गाठून विचारतो. सगळ्यांसमोर विचारले तर ‘पोहता येते’ असेच उत्तर येते, आणि तलावात दोन फेऱ्या मारता येणे व लाटांत तग धरता येणे यांतला फरक बाजूला राहतो. शिवाय जिथे धोका असतो ती जागा दिसायला सर्वांत सुरक्षित असते. लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेले पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून परत समुद्रात जाते. त्या पट्ट्यात तळ खोल असल्याने लाटा फुटत नाहीत, पाणी गडद आणि सपाट दिसते, आणि नवखा माणूस नेमका तेथेच उतरतो. या ओढीचा वेग सेकंदाला दोन मीटरांहूनही अधिक भरल्याच्या नोंदी आहेत, म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तिच्या विरुद्ध जाता येत नाही. ती खाली खेचत नाही, फक्त दूर नेते. म्हणून किनाऱ्याकडे झटापट करत येण्याऐवजी तरंगत राहावे, हात उंचावून मदत मागावी, आणि जमले तर किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडावे. लाल-पिवळा झेंडा म्हणजे जीवरक्षकांची देखरेख असलेला भाग, नुसता लाल म्हणजे पाण्यात उतरण्यात धोका, आणि जांभळा म्हणजे पाण्यात डंख करणारे जीव, हे अनेक देशांत सारखेच आहे. आमच्या गटाने एक नियम बेतातच लिहून ठेवला आहे: मद्य घेतलेल्या माणसाने त्या दिवशी पाण्यात उतरायचे नाही. यावर थोडी नाराजी झाली, पण नियम राहिला.

नावेची फेरी सकाळीच ठेवावी. दिवसा जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा तिची जागा घ्यायला किनाऱ्याकडे धावते. हे खारे वारे दुपारी जोर धरतात आणि त्यांच्याबरोबर लाटांची चळवळही वाढते. ज्याला बोट लागते त्याने नावेच्या मध्यभागी बसावे, क्षितिजाकडे पाहावे आणि गोळी घ्यायची असेल तर निघण्याच्या अर्धा-एक तास आधी घ्यावी; मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. आकाश निरभ्र आहे म्हणून समुद्र शांत असेल असेही समजू नये. हिंदी महासागराच्या दूर दक्षिणेकडील वादळांतून निघालेल्या लांब लाटा काही दिवसांनी केरळच्या किनाऱ्यावर पोहोचतात आणि वारा नसताना, लख्ख उन्हात, पाणी वस्तीत शिरते. तेथील कोळी त्याला कळ्ळक्कडल म्हणतात. भारताच्या किनाऱ्यासाठी हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचे लाटांच्या उंचीचे अंदाज रोज उपलब्ध असतात. ते बघायला दोन मिनिटे लागतात.

उन्हाविषयी एकच सांगतो, कारण छत्रीखाली बसलो म्हणजे झाले असे मानणारे आमच्यात बरेच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार कोरडी वाळू अतिनील किरणांचा सुमारे १५ टक्के भाग परावर्तित करते आणि लाटांचा फेस सुमारे २५ टक्के. अर्धा मीटर पाण्याखालीही पृष्ठभागावरच्या मानाने ४० टक्के किरण पोहोचतात. सामानाची बाकी यादी ज्याची त्याने करावी.

राहण्याच्या जागेत मी समुद्र दिसण्यापेक्षा समुद्रापर्यंत चालत जाता येण्याला जास्त महत्त्व देतो. खिडकीतून समुद्र दिसतो तो दिवसातून अर्धा तास. एरवी आपण बाहेर तरी असतो नाहीतर झोपलेले तरी. जाहिरातीतील छायाचित्रांकडे मात्र तक्ता हातात घेऊन पाहावे. ती बहुधा भरतीच्या वेळी घेतलेली असतात, आणि जेथे ओहोटीला अर्धा किलोमीटर चिखल उघडा पडतो तेथेही छायाचित्रात पाणी पायरीला लागलेले असते. पाहुण्यांनी स्वतः काढलेली चार-दोन छायाचित्रे शोधली की खरे काय ते कळते. खोल्या वाटताना घोरणाऱ्यांना एकत्र ठेवावे, आणि पहाटे उठणाऱ्यांनाही. या दोन्ही बाबतींत आडपडदा ठेवला की तिसऱ्या दिवशी त्याची किंमत मोजावी लागते.

राहिला पैशांचा आणि निर्णयांचा भाग. आमच्याकडे बारीकसारीक खर्च टीटीएमएम आणि सामाईक खर्च वर्गणीतून अशी पद्धत आहे, आणि वर्गणीची चावी एकाच व्यक्तीकडे असते. अर्थात त्या हिशेबनीस मैत्रिणीकडे. ठरावीक तारखेनंतर कोणी गळाला तर त्याच्या वाटची खोली आणि नावेची फेरी यांचा भार त्यानेच उचलायचा, हे आम्ही पहिल्याच दिवशी लिहून ठेवतो, कारण नंतर ते बोलणे जड जाते. गटाच्या संदेशांत ‘बघू’ आणि ‘चालेल’ ही दोन उत्तरे सर्वाधिक येतात. ‘चालेल’ला आम्ही होकार मानतो आणि ‘बघू’ला नकार. ज्याला नकार नको असतो तो दोन तासांत स्पष्ट लिहितो. आणि सगळ्यांनी सगळे एकत्रच करायचे हा अट्टहास आम्ही सोडला आहे: ज्याला वाळूवर नुसते पडून राहायचे आहे त्याने पडावे, ज्याला किल्ला, दीपगृह आणि गोदी सगळेच पाहायचे आहे त्याने पाहावे, फक्त रात्रीचे जेवण एकत्र आणि तिसऱ्या दिवसाची संध्याकाळ एकत्र.

अजून नावेचा दिवस तेवढा पक्का व्हायचा आहे. दुसऱ्या दिवसाची सकाळ तिच्यासाठी धरली आहे, पण लाटांचा अंदाज दोन-तीन दिवस आधीच भरवशाचा मिळतो, त्यामुळे पैसे अद्याप भरलेले नाहीत. त्या सकाळी वारा अनुकूल नसेल तर चौथ्या दिवसाची सकाळ राखीव आहे, आणि परतीची गाडी दुपारच्याऐवजी रात्रीची घेतली ती एवढ्याचसाठी.